फोनमधली गिऱ्हाइकं कॉम्प्युटरवर आणायची तर

अरे, सिंक म्हणजे फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एकच यादी ठेवणं, बॅकअप नव्हे, हे आधी डोक्यात बसव. आंब्याच्या गिऱ्हाइकाचा नंबर फोनवरून उडवलास की कॉम्प्युटरवरूनही गेला. नवा नंबर सेव्ह करताना वर ‘डिव्हाइस’ दिसतंय की गूगलचं खातं, ते बघ. डिव्हाइसवर ठेवलेला नंबर कॉम्प्युटरवर आपोआप येत नाही, आणि निम्मी बोंब इथलीच असते. चुकून पुसलंस तर कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये ‘अनडू चेंजेस’ आहे. ३० दिवस मागे जाता येतं.

गूगल फोटोजमध्ये फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेव. देवगडात पावसाळ्यात लाईट गेली की वायफायही जातं, आणि बॅकअप मोबाईल डेटावरही चालू असला तर डेटा कुठे संपला ते कळत नाही. फोन भरला तर फोटो डिलीट करत बसू नको, तिथलंच ‘फ्री अप स्पेस’ दाब, म्हणजे बॅकअप झालेले फोटो फक्त फोनवरून निघतात.