जोडीला धर्म : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेतून पास झाली. तिला मानसशास्त्र घ्यायचंय आणि जोडीला जगातल्या धर्मांचा अभ्यास करायचाय. पण आसपासच्या कॉलेजांच्या यादीत 'जागतिक धर्म' असा विषयच दिसत नाही. – एक पालक, नेरूळ

उत्तर : त्या नावाने शोधलंत तर बहुधा सापडणार नाही. आपल्याकडे पदवीला हा विषय तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो. देव, आत्मा, श्रद्धा यांची चिकित्सा तत्त्वज्ञानात, जात-पंथ-संप्रदाय समाजशास्त्रात, लेणी-शिलालेख प्राचीन भारतीय संस्कृतीत. म्हणून माहितीपत्रक हाती आलं की विषयाच्या नावावर थांबू नका, सहाही सत्रांच्या पेपरांची नावं वाचा.

आता हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यात मायनरच्या, म्हणजे जोडविषयाच्या, वाट्याला साधारण २० येतात. लेक्चरचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. मायनर तत्त्वज्ञानाचा घेतला तर पाचेक पेपर होतात, पण त्यात तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्रही आलं. निव्वळ धर्मावर दोन पेपर मिळाले तरी नशीब समजा. ते झाले १२० तास. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, पारशी, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम असे आठ धर्म त्यात बसवले तर प्रत्येकी १५ तास येतात. एवढ्यात सणांची यादी आणि संस्थापकांची नावं होतात, अभ्यास होत नाही. दोनच धर्म निवडावेत, एक घरचा आणि एक अगदी परका. बाकीचे वाचून ओळखीचे ठेवावेत.

फॉर्म भरताना एका ठिकाणी बरीच मुलं फसतात. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुल्या निवडीचा विषय, मेजरच्या (मुख्य विषयाच्या) विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. तेव्हा कला शाखेतल्या मुलीने 'तत्त्वज्ञान ओपन इलेक्टिव्हमध्ये घेईन' असं ठरवलं असेल तर ते जमत नाही, तिला मायनरचाच रस्ता आहे. उलट बी.एस्सी. किंवा बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला ओपन इलेक्टिव्ह सोपं पडतं. दुसरी अडचण संख्येची. पुरेशी मुलं आली नाहीत की मायनर चालू होत नाही आणि आलेल्या चार-पाच जणांना भलत्याच विषयात बसवलं जातं. गेल्या वर्षी तो वर्ग खरोखर भरला होता का, हे ऑफिसात न विचारता थेट विभागात जाऊन विचारा. तिसरं, मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं आणि मायनरची लेक्चरं एकाच वेळी येत नाहीत ना, ते वेळापत्रक समोर ठेवून पाहा.

जोडी मात्र चांगली निवडली आहे. धर्मांतर करताना माणसाच्या मनात काय होतं, दहाव्या-तेराव्याचे विधी दुःख हलकं करतात की नुसतंच पुढे ढकलतात, असे प्रश्न मानसशास्त्रवालीलाच सुचतात. हीच मुलगी इतिहासाची असती तर तिने कान्हेरीला जाऊन बौद्ध लेण्यांत १००९ आणि १०२१ साली कोरलेल्या पहलवी (जुन्या इराणी भाषेतल्या) ओळी पाहिल्या असत्या आणि पारशी तिथे काय करत होते, असं विचारलं असतं. मेजर कुठला, यावर धर्मात काय दिसणार ते ठरतं.

प्रश्न : इंजिनिअरिंग चालू असताना बौद्ध किंवा जैन अभ्यासाची पदविका करता येते का? – विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : येते. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली. दोन्ही वर्गात बसून करायचे असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक वर्गात आणि एक दूरस्थ असंही चालतं. पीएच.डी.ला ही सवलत नाही. दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, ते पैसे भरण्याआधी यूजीसीच्या यादीत तपासा.

कागदावर हे सोपं वाटतं, पण मुलं प्रवासात आणि परीक्षांत अडकतात. विद्याविहारला सोमय्या विद्यापीठात धर्म-अध्ययनाची वेगळी संस्था आहे. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणं, तिथून मध्य रेल्वेची स्लो लोकल. फास्ट लोकल विद्याविहारला थांबत नाही, ती पकडलीत तर घाटकोपरला उतरून स्लो लोकल धरावी लागेल. जाऊन-येऊन तीन तास धरा. म्हणून शनिवार-रविवारचे वर्ग असतील तरच नाव घाला आणि दोन्हींकडची परीक्षांची वेळापत्रकं आधी मागून घ्या. सबमिशनच्या आठवड्यात पदविकेचा पेपर आला की मुलं पदविका सोडतात. एकदा सुटली की बहुतेकांच्या बाबतीत ती तशीच राहते.

प्रश्न : समाजशास्त्राच्या फील्ड प्रोजेक्टसाठी ठाण्यातली प्रार्थनास्थळं घेतली आहेत. आठ ठिकाणं, महिनाभर वेळ. कशी सुरुवात करू? – एस.वाय.बी.ए., नौपाडा

उत्तर : आठची दोन करा. ठिकाणं तुमच्या दारातच आहेत. तलावपाळीला कौपिनेश्वर आणि जवळच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. टेंभी नाक्याच्या आसपास जैन मंदिर, पारशांची अग्यारी आणि १८७९ सालचं 'शआर हाशामायिम' हे बेने इस्रायलींचं, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ). अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. तिथे दारात घासाघीस करू नका, ती यादीतून काढा. 'प्रवेश कोणाला' यावर मात्र प्रोजेक्टमध्ये एक परिच्छेद जरूर लिहा.

सिनेगॉगसाठी कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन आधी परवानगी काढा, ऐनवेळी जाऊन उभं राहू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या काळात लिहिणं, फोटो, मोबाइल सगळं बंद, त्यामुळे वही बॅगेतच राहील. पाहायचं, लक्षात ठेवायचं आणि शब्बाथ संपल्यावर त्याच रात्री घरी बसून लिहून काढायचं. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की निम्मं निसटतं.

काय टिपायचं यासाठी निनियन स्मार्ट यांचे सात पैलू हाताशी ठेवा. हे अभ्यासक इंग्लंडातल्या लँकेस्टर विद्यापीठात १९६७ साली सुरू झालेल्या धर्म-अध्ययन विभागाचे संस्थापक. विधी, अनुभव, कथा, सिद्धांत, नीती, संघटना आणि वस्तू, असे ते सात. वहीच्या पानावर सात रकाने आखा. पहिल्या भेटीत फक्त विधी आणि वस्तू भरा, कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं. दाराच्या चौकटीवर मेझुझा (धर्मवचनं असलेली छोटी डबी) कोणत्या बाजूला आहे, आत येताना कोण त्याला हात लावून बोटं ओठांना नेतं, तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या ठेवलेलं कपाट कोणत्या दिशेला आहे. (ठाण्यातून जेरुसलेम पश्चिमेला, हे मनात ठेवून पाहा.) सिद्धांत आणि नीती शेवटच्या भेटीत, मुलाखतीतून. एका ठिकाणी चार भेटी, दर भेटीला दीड तास. दोन ठिकाणांचं मिळून महिनाभराचं काम होतं.

असे प्रोजेक्ट बिघडतात ते ठरावीक तऱ्हेने. पहिली आठ पानं इंटरनेटवरून उतरवलेला इतिहास, आणि स्वतः पाहिलेलं शेवटी अर्ध्या पानात. किंवा दारावरच्या वॉचमनला 'तुमचा धर्म काय सांगतो?' असं विचारून त्याच्या उत्तराला सगळ्या समाजाचं मत ठरवायचं. प्रश्न नेमका विचारा, उदाहरणार्थ मलिदा या बेने इस्रायलींच्या विधीबद्दल. 'मलिदा कोणत्या प्रसंगी करता? ताटात काय काय ठेवता? पठण कोण करतं?' बेने इस्रायली घरांत मराठी बोलली जाते, तेव्हा दुभाषाही लागत नाही. त्यांनी वापरलेला शब्द तसाच लिहा. मलिद्याच्या ताटाला तुम्ही 'प्रसाद' म्हणालात की तपासणारे तिथेच लाल रेघ मारतील, आणि ती बरोबरच असेल.

प्रश्न : भाषा कोणती शिकावी? – खारघर

उत्तर : एकच, पण नीट. बौद्ध धर्म घेतला असेल तर पाली. संस्कृत झालेल्याला ती लवकर हाती येते आणि मराठी माणसाला निम्मे शब्द ओळखीचे वाटतात. फसगतही तिथेच होते. पालीतला 'धम्म', अरबीतला 'दीन' आणि इंग्रजीतला 'रिलिजन' यांना मराठीत आपण सरसकट 'धर्म' म्हणतो, पण तिन्हींची व्याप्ती वेगळी आहे. मूळ शब्द कुठे काय सांगतो, हे उघडून पाहता येण्याइतकी भाषा आली तरी पदवीपुरतं भागतं.

प्रश्न : पुढे काय? नोकरीचं काय? – कळवा

उत्तर : नेटला (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला) 'कंपॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स' हा स्वतंत्र विषय आहे. एम.ए.साठी पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययन आहे, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययन. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेतलात तर दुसऱ्या पेपरचा एक भाग धर्माच्या तत्त्वज्ञानाचाच आहे. पण निव्वळ धर्मावर प्राध्यापकाच्या जागा फारच थोड्या निघतात. तेव्हा पोट भरायला मेजर ठेवा.

प्रश्न : घरचे विचारतात, हे शिकून मुलगा कीर्तनकार होणार का? – ठाणे पूर्व

उत्तर : नाही. कीर्तनाला आवाज आणि पाठांतर लागतं, विद्यापीठ दोन्ही शिकवत नाही.