सातत्य नाही म्हणून कोडिंग सुटतं, की उलट?

तुमचा प्रश्न असा: तीन महिन्यांत चौथ्यांदा पायथन (कोडिंगची एक भाषा) सुरू केलंय, दर वेळी फंक्शनपर्यंत (एकदा लिहून नावाने पुन्हा पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा) गाडी येते आणि मग आठ-दहा दिवस लॅपटॉप उघडावासाच वाटत नाही, तर मोटिव्हेशन टिकवायचं कसं? एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेले असते. पण खाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे, 'बहुतेक माझ्या स्वभावातच सातत्य नाही.' हे वाक्य आमच्या घरात माझ्याबद्दल इतक्यांदा बोललं गेलंय की ते दुसऱ्या कुणी स्वतःबद्दल लिहिलेलं दिसलं तरी माझं डोकं फिरतं.

बोलणारा अर्थातच दादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पहाटे साडेपाचला पळायला जातो, पाऊस असो, ताप असो. त्याच्या हिशेबात माणसं दोन प्रकारची: धरलेलं तडीस नेणारी, आणि मी. चित्रकला अर्धी, गिटार अर्धी, जर्मन अर्धं. कोडिंग शिकतेय म्हटल्यावर तो हसलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "किती दिवस?"

मी इरेला पेटले. शंभर दिवस, म्हटलं. रोज एक तास शिकायचं आणि गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) रोज काहीतरी चढवायचं, म्हणजे प्रोफाइलवर त्या तारखेचा चौकोन हिरवा होतो. तिथे पूर्वी 'सलग इतके दिवस' असा आकडाही दिसायचा, तो २०१६ मध्ये काढून टाकला. आकडा गेला, चौकोन राहिले, आणि माझ्यासारखीला चौकोन पुरतात. सत्तेचाळिसाव्या दिवशी मी रेल्वेत होते, लॅपटॉप घरी. रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी फोनवरून रीडमी (माहितीची) फाइल उघडली, शेवटच्या वाक्याला पूर्णविराम दिला आणि कमिट केलं, म्हणजे बदल नोंदवला. चौकोन हिरवा. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला होता, म्हणून तोच पूर्णविराम काढला. तोही कमिट. दोन दिवसांचं सातत्य, एका टिंबावर.

एकसष्टाव्या दिवशी दादाने विचारलं, "मग, बनवलंस काय?" मी चौकोन दाखवले. तो म्हणाला, "एक साधं काम सांगतो." त्याच्या पळण्याची नोंद एका टेक्स्ट फाइलमध्ये असते. एका ओळीत एक तारीख आणि पुढे किलोमीटर. "यातलं सगळ्यात लांबचं पळणं शोधून दे."

रिकामी फाइल उघडून बसले. लूप (तेच काम फेरीफेरीने करणारा कोड) येत होता, डिक्शनरी येत होती, क्लास म्हणजे काय हे विचारलं असतं तर दहा मिनिटं बोलले असते. पण ती फाइल उघडायची, ओळी एकेक वाचायच्या, ओळीतून किलोमीटर सुटे करायचे, आणि आतापर्यंतचा मोठा आकडा कुठेतरी धरून ठेवायचा, याला हात कुठून घालायचा तेच सुचेना. वीस मिनिटं कर्सर लुकलुकत होता. दादा काही बोलला नाही. बूट घालून निघून गेला. बासष्टावा दिवस उगवलाच नाही. पुढचे पाच महिने मी कोड लिहायच्या एडिटरचं तोंड पाहिलं नाही.

हे एवढं पाल्हाळ यासाठी की तुमचंही बहुतेक हेच चाललंय. व्हिडिओत तो माणूस टाइप करतो, तुम्ही मागोमाग टाइप करता, चालतं, बरं वाटतं. त्यात तुमच्या डोक्यातून काहीच बाहेर काढावं लागत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. माझे एकसष्ट दिवस म्हणजे त्या पाच मिनिटांच्या परीक्षेत एकसष्ट वेळा पास होणं होतं. अशा शिकण्याचा कंटाळा येत असेल तर तुमचा स्वभाव ठणठणीत आहे.

पाच महिन्यांनी परत आले ती शिकायला आले नव्हते. घरातल्या सगळ्यांच्या जुन्या फोनमधले फोटो एका हार्ड डिस्कवर ओतले होते, अकरा हजारांच्या वर. एकेका फोटोच्या दोन-दोन, कुठे पाच-सहा प्रती, नावापुढे 'कॉपी', 'कॉपी २' असं लागलेलं. दोन रविवार हाताने वेचल्या आणि तिसऱ्या रविवारी चिडून पायथन उघडलं. प्रोग्रॅम अगदी बाळबोध: फोल्डरमधल्या नावांची यादी घ्यायची, नावात 'कॉपी' दिसलं की ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची आणि यादीतून ते नाव काढून टाकायचं. शेवटी यादीत जे उरलं ते छापायचं.

चालवला. बऱ्याच प्रती गेल्या, काही राहिल्या. पुन्हा चालवला, आणखी गेल्या. तिसऱ्यांदा चालवल्यावर साफ. का ते कळेना. दोन दिवस मी तो प्रोग्रॅम सरळ तीनदा चालवत होते, औषधाच्या डोससारखा. मग राहवेना. नऊच फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि लूपच्या आत प्रत्येक फेरीला नाव छापलं. ज्या फोटोची एकच प्रत होती तिथे सगळं ठीक. जिथे पाच प्रती ओळीने होत्या तिथे छापलं गेलं पहिलं, तिसरं, पाचवं. दुसरं आणि चौथं लूपला दिसलंच नव्हतं.

कागदावर पाच चौकोन काढले (हे माझे पहिले उपयोगी चौकोन), पहिला खोडला आणि बाकीचे एकेक घर अलीकडे सरकवले. तेव्हा उजेड पडला. यादीतून नाव काढलं की त्यानंतरची सगळी नावं एक जागा अलीकडे येतात, पण लूप आपला पुढच्या जागेवर जातो. म्हणजे दुसरं नाव पहिल्याच्या जागी येऊन बसलं आणि लूप त्याच्या डोक्यावरून गेला. पाचांतले दोन उरतात, दोनांतला एक, मग शून्य. म्हणून तीनदा. ज्या यादीवरून चालतोय तिच्यातूनच गोष्टी काढू नयेत, तिची प्रत करून त्या प्रतीवर चालावं, हे वाक्य मी व्हिडिओत ऐकलं होतं आणि वहीत लिहिलंही होतं. कळलं त्या रात्री. पावणेदोन वाजले होते आणि मला कुणी बसवलं नव्हतं.

आता तुमच्या फंक्शनबद्दल. सगळे तिथेच का अडकतात याचं माझं उत्तर असं की फंक्शन हा उपाय आहे, आणि तुम्हाला तो आजार होण्याआधी दिला जातो. व्हेरिएबल, इफ, लूप यांचा उपयोग पाच ओळींतही दिसतो. फंक्शनचा दिसत नाही. दोन आकड्यांची बेरीज करायला कुणाला फंक्शन लागतं? माझ्या प्रोग्रॅममध्ये नाव तपासायच्या त्याच सहा ओळी तीन ठिकाणी चिकटवल्या होत्या. वरची चूक मी दोन ठिकाणी दुरुस्त केली, तिसरी विसरले, आणि आणखी एक संध्याकाळ गेली. त्या संध्याकाळी फंक्शन कुणी शिकवावं लागलं नाही. तुम्ही तो धडा पाचव्यांदा बघू नका. तसाच टाकून पुढे जा आणि काहीतरी गबाळं, लांबलचक, स्वतःचं लिहा. तो धडा तुम्हाला शोधत येईल.

काय लिहायचं? ज्याचं तुम्हाला हाताने करून वीट आलाय ते. हवामानाचं ॲप, कामांची यादी, कॅल्क्युलेटर असलं काही नको, ते तुम्हाला नकोच आहे, म्हणून तर ते अर्धवट राहतं. गरजेसारखा मास्तर नाही. ज्या गिटमुळे (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ते हिरवे चौकोन उमटतात, ते गिट लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिहायला घेतलं तेही लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेलं साधन हातचं गेलं म्हणूनच.

आणि एक सवय, जी मला खरंच उपयोगी पडली: उठताना काम पूर्ण करून उठू नका. एखादी ओळ अर्धी ठेवा, एरर तसाच पडद्यावर राहू द्या आणि वर कॉमेंटमध्ये (कोडमधली फक्त माणसांसाठीची ओळ) आपल्या भाषेत लिहा, 'उद्या: तारीख नावातून काढायची, अंडरस्कोअरवर तोडून बघ.' दुसऱ्या दिवशी बसल्यावर 'आज काय करू' हा प्रश्नच राहत नाही. माझं अर्धं सातत्य या कॉमेंटांवर चाललंय.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघणं बंद करा. एकवीस दिवसांत सवय लागते हेही डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' कुठेतरी गळाला आणि चेहराही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. शिवाय मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हा निष्कर्ष मी दादाला पाठवला होता. त्याने अंगठा पाठवला.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मुलाखतीची किंवा परीक्षेची तारीख ठरलेली असेल तर माझं ऐकू नका, तिथे नेमलेला अभ्यासक्रम गिळावाच लागतो. एआयला विचारलं असतं तर माझी यादीची चूक त्याने लगेच दाखवली असती हे मला माहीत आहे. विचारा, पण आपल्याला काय वाटतंय ते आधी दोन वाक्यांत लिहून मग विचारा. हार्ड डिस्कवरच्या फाइलींशी खेळणार असाल तर आधी बॅकअप घ्या आणि फाइल पुसण्याऐवजी हलवा. मी हलवत होते ते शहाणपणाने नाही, पुसायची आज्ञा आठवत नव्हती म्हणून. आणि कोडिंगच काय, कशातच मन लागत नसेल तर प्रश्न कोडिंगचा नाही, कुणाशी तरी बोला.

फोटोंचा प्रोग्रॅम व्हायला दीडेक महिना लागला, त्यात दोनदा आठ-आठ दिवसांचे खंड. दादाने तो स्वतःच्या फोटोंवर चालवला आणि म्हणाला, "म्हणजे शेवटी रोज बसलीसच ना?" रोज नाही, म्हटलं. "जवळपास रोज," तो म्हणाला, आणि आपलंच खरं झाल्यासारखा उठला.

त्या रात्री मी त्याची पळण्याची फाइल शोधून काढली. सगळ्यात लांबचं पळणं ३२ किलोमीटर, सात ओळींत मिळालं. मग हात लागलेच होते म्हणून लागोपाठच्या दोन तारखांमधलं अंतर मोजणाऱ्या आणखी चार ओळी लिहिल्या. फेब्रुवारीत सलग अकरा दिवस नोंद नाही. ऑगस्टमध्ये सहा. ते मी अजून त्याला दाखवलेलं नाही, फाइल डेस्कटॉपवर आहे.