'गेट' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते आलं कुठून, आणि शिक्षक ते वापरू नका असं का सांगतात?

प्रश्नाचा शेवटचा तुकडा वाचला आणि राहवलं नाही. मी इंग्रजीचा मास्तर नाही, जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर आहे. मास्तर आमचे भावोजी आहेत, आणि त्यांचं या शब्दाशी हाडवैर आहे.

अर्थ म्हणाल तर पुढे काय येतं त्यावर. वस्तू आली तर मिळणं नाहीतर आणणं, विशेषण आलं तर होणं, जागा आली तर पोचणं. 'गेट द स्पॅनर' म्हणजे पाना आण, 'बेअरिंग इज गेटिंग हॉट' म्हणजे बेअरिंग तापायला लागलंय. अप, ऑफ, ओव्हर लागले की प्रत्येकाचा संसार वेगळा, ते डिक्शनरीत बघा.

खरी मेख आहे 'गेट समथिंग डन'मध्ये. आपलं 'करून घेणं'.

मागे गणपतीला रत्नागिरीकडे घरी होतो, रजा संपत आलेली. एजंटला मेल लिहिला की 'आय गॉट माय आइज टेस्टेड अँड गॉट अ टूथ पुल्ड आउट.' बोटीवर चढण्याआधी मेडिकल लागतं, डोळे तपासतात, दात दुखरा असेल तर आधीच काढलेला बरा, कारण भर समुद्रात दातांचा डॉक्टर नसतो. आरतीला वेळ होता. भावोजींनी मोबाइल मागून घेतला आणि दिसेल तिथला 'गॉट' उडवला. वाक्य झालं, 'आय हॅव टेस्टेड माय आइज अँड पुल्ड आउट अ टूथ.' वर भाच्यांसमोर ऐकवलं, "बारा बंदरांचं पाणी प्यायलास, तरी इंग्रजी गोदीतलंच राहिलं तुझं." थोरल्या बहिणीचा नवरा, त्यात सणाचा दिवस. मी मुकाट्याने मेल पाठवला. मग एजंटच्या ऑफिसातून फोन, "दात तुम्ही स्वतःच उपटलात का हो?" पलीकडे बाकीचे हसत होते. हे भावोजींना सांगितलं तर म्हणाले, त्या मुलीचं व्याकरण कच्चं आहे.

आता मूळ. हा शब्द इंग्लंडात आणला दर्यावर्दींनीच! 866 साली व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं, आणि मग उत्तर-पूर्व इंग्लंडात जमिनी कसत तिथलेच झाले. त्यांच्या नॉर्स भाषेतलं 'गेटा' ते हे 'गेट'. टेक, एग, स्काय, विंडो, नाइफ, इतकंच काय 'दे' आणि 'देम'सुद्धा त्यांच्याकडूनच आले. इंग्रजीत याचं सख्खं भावंड आधीपासून होतं, पण ते मुख्यतः जोडशब्दांत, म्हणजे आजच्या 'फरगेट' आणि 'बिगेट'मध्ये. त्यात 'ग'चा उच्चार 'य'सारखा व्हायचा. खणखणीत 'ग' आला तो नॉर्समुळे.

'ऑब्टेन', 'रिसीव्ह' हे फ्रेंचकडून आलेले. 1066 नंतर इंग्लंडात राज्य करणाऱ्यांची भाषा फ्रेंच होती, म्हणून त्यांना अजून दरबारी वास आहे. शिक्षकांना 'गेट' खटकतो तो चुकीचा आहे म्हणून नाही, शेतकरी-खलाशांच्या तोंडचा आहे म्हणून. हे माझं मत, पण मी त्यावर ठाम आहे.

'गॉटन'बद्दलही भावोजी ठोकून देतात की अमेरिकनांनी भाषा बिघडवली. अहो, ते रूप इंग्लंडमधूनच तिकडे गेलं. अमेरिकेत टिकलं, इंग्लंडात मागे पडलं, एवढंच. अमेरिकनांना त्याचा उपयोगही आहे. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे नवीन घेतली. भावोजी स्वतः 'फरगॉटन' बिनदिक्कत लिहितात. त्याचं काय, असं विचारलं की त्यांना प्रसादाचं ताट आठवतं.

तर बिनधास्त वापरा, आणि कोणी खोडलं तर का खोडलं ते विचारा.

हां, तुम्ही दहावी-बारावीला असाल तर मात्र निबंधात आणि अर्जात 'रिसीव्ह', 'बिकम' लिहा, 'हॅव गॉट'ऐवजी नुसतं 'हॅव'. एकाच परिच्छेदात पाच वेळा 'गेट' आला तर मलाही वाचवत नाही. आणि 'गॉटन' भारतातल्या पेपरात लिहू नका, तपासणारे बहुतेक भावोजींच्याच पंथातले असतात.