मोबाइलमुळे मंडई आणि नाटक संपेल का? झाडीपट्टीतून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे की पुढच्या दहा वर्षांत विदर्भाच्या खेड्यांत करमणूक, प्रवास आणि सणाची खरेदी कशी बदलेल, आणि मोबाइलमुळे जत्रा-नाटकं बंद पडतील का. मी गोंदिया जिल्ह्यात धान पिकवतो आणि गावच्या नाट्य मंडळात काम करतो, म्हणून झाडीपट्टीपुरतंच, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यापुरतंच बोलतो. कापूस-सोयाबीनच्या वऱ्हाडात हिशेब वेगळा असेल.

नाटक बंद पडणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. मोबाइलनं घेतली ती टीव्हीची आणि टॉकीजची जागा. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पिक्चर बघायला तालुक्याला जाण्याचं कारणच उरलं नाही. नाटकाचं तसं नाही, कारण आमच्याकडं लोक नाटकाला येतात ते नुसतं नाटक बघायला येत नाहीत.

हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान दिवाळीच्या सुमारास निघतो, भारी धान त्यानंतर. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई, व्याही, मामा-मावश्या पाहुणे म्हणून येतात. दिवसा मंडईत शिंगाडे, ऊस, बांगड्या, खेळणी, कुठं दंडार, कुठं खडी गंमत असे लोककलेचे खेळ. रात्री दहाच्या पुढं नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. पोरीला स्थळ बघायचं तर ते या गर्दीत बघितलं जातं, जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेले दोन भाऊ एका मांडवात बसतात. हे सगळं फोनवर होत नाही. म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा होळीपर्यंत बुक होतात आणि एकाच रात्री शेजारशेजारच्या गावांत नाटकं लागतात.

याचा एक पुरावा आम्ही डोळ्यांनी पाहिला. पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक अशी जोडी होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा अनेकांना वाटलं, पट गेला की नाटकही जाईल. नाटक राहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम ठेवली, आता पटही परत भरतात. त्याच २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आमच्या भागात तो घरचा सन्मान वाटला.

बदल होतील ते वेगळ्या जागी. आधी गावचीच मंडळी महिनाभर तालीम करून नाटक उभं करायची, आता बहुतेक ठिकाणी कंपनी बोलावतात. खर्च वाढला, त्यामुळे अवकाळी पाऊस आला की मंडळ बुडतं. पुढं लहान गावं दोन-तीन मिळून एक नाटक घेतील असं मला दिसतं. जाहिरात आता भोंग्याच्या गाडीपेक्षा रीलवर जास्त चालते, तिकिटाच्या टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. याची मला अडचण वाटत नाही. मला काळजी आहे ती गावचं स्वतःचं नाटक मागं पडण्याची. नव्या पोरांना पहिल्यांदा तोंडाला रंग लागतो तो तिथंच, आणि कंपन्यांना नट मिळतात तेही तिथूनच.

आता खरेदी. ऑनलाइन कंपन्यांचे मोठे सेल दिवाळीच्या आधी लागतात, कारण शहरात पगार आणि बोनस तेव्हा हातात असतो. आमचा पैसा धान विकल्यावर येतो. सरकारी खरेदी केंद्र वेळेत सुरू झालं नाही तर दिवाळीसाठी हलका धान व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागतो. म्हणून पोरांचे कपडे, चपला, मोबाइलचं कव्हर ऑनलाइन येतं, डिलिव्हरीवाला पोरगा फाट्यावर उभा राहून फोन करतो. मोठी वस्तू मात्र दिवाळीनंतर, मंडईच्या आसपास किंवा लग्नसराईत घेतली जाते, आणि ओळखीच्या दुकानदाराकडून, जो धान निघेपर्यंत थांबतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारसायकली आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी घेण्याचा महिना पिकानंच ठरतो.

या थांबण्याची जागा आता हप्ता घेतो आहे. मोबाइलच्या दुकानात फायनान्सवाल्याचं टेबल असतं, बायकांच्या गटाला कर्जाची दर आठवड्याला वसुली असते. दुकानदार धानाची वाट बघायचा, हप्ता बघत नाही. पुढच्या दहा वर्षांतली सगळ्यात धोक्याची गोष्ट मला हीच वाटते, मोबाइलवरच्या करमणुकीपेक्षा कितीतरी जास्त.

प्रवासात सगळ्यात मोठा बदल बायकांनी केला. मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धं तिकीट झालं आणि महाशिवरात्रीला गोंदिया जिल्ह्यातलं प्रतापगड, गडचिरोलीतलं मार्कंडा, एरवी शेगाव, असे त्यांचे गट स्वतःच्या मनानं निघू लागले. आधी घरातला पुरुष नेईल तेव्हाच जाणं व्हायचं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून गाडी ठरवून शिर्डीला जाणंही वाढलं. हे वाढतच जाणार.

दुसऱ्या बाजूनं शहरातले लोक आमच्याकडं येतील. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, उमरेड-करांडला, सगळीकडं वाघ बघायला उन्हाळ्यात गर्दी असते. त्याच दिवसांत, मे महिन्यात, आमची माणसं तेंदूपत्ता तोडायला त्याच जंगलात जातात, जीव मुठीत धरून. रिसॉर्टचा मालक बाहेरचा आणि गावाला फक्त झाडलोटीचं काम, असं झालं तर या पर्यटनाचा आम्हाला काय उपयोग? गाइड, जिप्सीचा चालक, घरगुती मुक्काम, तांदळाची भाकर आणि बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, मासळीचं जेवण हे गावाच्या हातात राहिलं पाहिजे. ताडोब्यात बायका गाइड झाल्या आहेत, तो रस्ता बरोबर आहे.

तुम्ही नोकरीसाठी बाहेर असाल आणि मूळचे इकडचे असाल तर एक सांगतो. सुट्टी दिवाळीपुरती घेऊ नका, भाऊबीजेच्या पुढं चार दिवस वाढवा. आपल्या गावच्या मंडईची तारीख आधी फोन करून विचारा, आणि पहाटे मांडवात कडाक्याची थंडी पडते, म्हणून चादर आणा.