गेरच्या गर्दीत पहिल्यांदा उभे राहणाऱ्या स्वयंसेवकास

इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी तुम्ही प्रथमच प्रथमोपचारासाठी उभे राहणार आहात, म्हणून आधी हे सांगतो: कोणी कोसळले तर पाणी पाजू नका, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडातले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल आणि श्वासही नेहमीसारखा चालत नसेल, तर एकाच व्यक्तीकडे पाहून तिला १०८ वर फोन करायला सांगा, कारण ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले की बहुधा कोणीच करत नाही. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. इथे अनुभवी स्वयंसेवकही चुकतात. लगेच छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटालगतचा भाग ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबू लागा. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जावी आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर यावी. साधारण दोन मिनिटांनी दुसऱ्याला पुढे करा, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो.

फेफरे आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा आग्रह वडीलधारी मंडळी अजूनही धरतात. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना गर्दी मागे सारण्याचे काम द्या. तुम्ही डोक्याखाली मऊ कापड ठेवा, दातांत काहीही घालू नका आणि झटके थांबल्यावर रुग्णाला कुशीवर वळवा. झटका ५ मिनिटांहून लांबला, तर रुग्णवाहिका बोलवा. डोळ्यांत रंग गेल्यास चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवत राहा.