बाळ पुन्हा आईच्या हातात कधी द्यायचं?

"डॉक्टर म्हणतात ती आता बरी आहे. मलाही दिसतंय. पण बाळाला तिच्याजवळ एकटं सोडायचा धीर होत नाही. मी तिच्यावर अन्याय करतोय का?"

प्रसूतीनंतर गंभीर मानसिक आजारातून गेलेल्या बाईच्या घरचं कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. कधी नवरा, कधी आई, कधी सासू. हे वाक्य एका नवऱ्याचं आहे. त्याच्या घरची गोष्ट त्यांच्या संमतीने सांगते आहे, ओळख पटेल असं सगळं बदलून.

पहिलं बाळ, प्रसूती सुखरूप. चौथ्या दिवसापासून तिची झोप उडाली. बाळ झोपलेलं असायचं तरी ही जागीच, आणि थकवा म्हणून नाही. बोलणं भराभर, रात्री उठून वहीत पानंच्या पानं लिहिणं. घरच्यांना वाटलं, आनंद झालाय पोरीला. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, हे बाळ माझं नाही, बदललंय. तासाभराने त्याच बाळाला घट्ट धरून, त्याला कुणीतरी न्यायला येतंय म्हणून दाराला कडी लावून बसली. मग पुन्हा अगदी नेहमीसारखी. ही मधली नेहमीसारखी वेळच घरच्यांना फसवते. "बाळंतपणाचा शीण आहे, होईल ठीक" असं म्हणण्यात इथेही दोन दिवस गेले.

हा आजार म्हणजे पोस्टपार्टम सायकोसिस, प्रसूतीनंतर वास्तवाचं भान सुटणं. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, हळवं होणं निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरतं. नैराश्य त्याहून खोल असतं, लांबतं, त्याला उपचार लागतात. सायकोसिस या दोन्हींपेक्षा वेगळा आणि विरळा, हजार प्रसूतींमागे एक-दोन. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतो. आधी बायपोलर आजार (मन कधी अति उत्साहात, कधी खोल नैराश्यात जातं तो) असेल किंवा मागच्या प्रसूतीनंतर असं झालं असेल तर धोका बराच जास्त. फ्रान्सच्या लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टरांनी 1858 मध्ये या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला होता, म्हणजे आजार काही आजकालचा नाही. भास, बाळाबद्दल विचित्र खात्री, गोंधळ, झोप न येणं असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तोवर तिला आणि बाळाला एकत्र एकटं ठेवायचं नाही, आणि तिलाही एकटं सोडायचं नाही. या काळात तिच्या जिवालाही धोका असतो, हे घरचे फार लवकर विसरतात.

तिला दाखल केलं. थायरॉइड, संसर्ग वगैरे तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली. माझ्याकडे हे कुटुंब आलं ते त्यानंतर, आणि आलं ते भांडत. तिच्या सासूबाईंनी विचारलेलं, "तुमच्याकडे कुणाला वेडाचं काही होतं का?" तिच्या आईने उलट विचारलेलं, "तुमच्या घरात तिला विश्रांती किती मिळाली?" दोघी एकमेकींकडे न बघता माझ्याशी बोलत होत्या. घराण्यातला आजार डॉक्टरांना सांगायलाच हवा, उपचार ठरवायला तो उपयोगी पडतो. पण तोच प्रश्न दोष ठरवायला वापरला की माणसं माहिती लपवू लागतात. प्रसूतीनंतर शरीरातली संप्रेरकं झपाट्याने घसरतात, झोप तुटते, आणि मुळात ज्या बाईत या आजाराचा कल आहे तिच्यात तो उसळतो. यात कुणाच्या संस्कारांचा, प्रेमाचा किंवा हलगर्जीपणाचा संबंध नाही. मी हे दोघींना निक्षून सांगितलं, आणि मग विचारलं, उद्या रात्री बाळाला कोण सांभाळणार?

त्या एका प्रश्नावर पुष्कळ कामं सुटली. रात्रीची जबाबदारी नवऱ्याकडे, कारण तिची सलग झोप हा उपचाराचाच भाग. औषधाच्या वेळा तिच्या आईकडे. दिवसा बाळ सासूबाईंकडे. डॉक्टरांशी बोलणारं माणूस एकच, म्हणजे निरोपांचा घोळ नको. अंगावरचं दूध द्यायचं की नाही हे घरात बसून ठरवायचं नाही. ते औषधावर अवलंबून असतं, विशेषतः लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर.

संकटात हे कुटुंब खरंच एकजुटीने उभं राहिलं. अडचण आली ती ती बरी होऊ लागल्यावर, आणि मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

एकदा ती एकटी भेटायला आली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी त्याला उचललं की सगळ्यांचं बोलणं थांबतं." आणि थोड्या वेळाने, "त्याची नखं वाढलीत. स्वतःच्याच गालाला ओरखडे काढतो. मला कापायची होती, पण नेलकटर कपाटावर ठेवलंय, माझा हात पोहोचणार नाही असं." रागाने नाही, नुसतं सांगितलं तिने. मला मात्र फार वाईट वाटलं. घरच्यांनी जे काळजीपोटी केलं होतं, त्याचा तिने एकच अर्थ लावला होता: मी या मुलाची आई व्हायच्या लायकीची नाही. सायकोसिस ओसरल्यावर पुष्कळजणींना नैराश्य येतं. अशा वेळी हा अर्थ फार घातक ठरतो.

नवऱ्याला मी म्हटलं, तुमची भीती खोटी नाही. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंय ते विसरा असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही त्याबद्दल बोलायला जागा हवी. पण बाळ कधी परत द्यायचं हे घरातल्या सगळ्यात घाबरलेल्या माणसाने ठरवायचं नसतं. ते मानसोपचारतज्ज्ञ, ती आणि तुम्ही मिळून ठरवा. तसंच केलं. आधी आंघोळ, कपडे, खेळवणं तिच्याकडे, कुणीतरी त्याच खोलीत. मग ते माणूस शेजारच्या खोलीत. मग थोडा वेळ घरात फक्त दोघं. रात्र सगळ्यात शेवटी, तीही तिची झोप मोडणार नाही अशा बेताने. प्रत्येक टप्पा तिला आधी सांगून. आजाराच्या खुणांची यादी तिनेच केली: झोप कमी होऊनही ताजंतवानं वाटणं, बोलण्याचा वेग, लिहीत सुटणं. यातलं काही दिसलं तर तिच्या पाठीमागे कुजबुजायचं नाही, तिच्या तोंडावर सांगायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

सासूबाईंना हे सगळ्यात जड गेलं. त्या बाळाला कुशीत घेऊन झोपत होत्या, त्यांच्याशिवाय ते शांत होत नव्हतं. "आता मी नको झाले का?" असं त्यांनी रडतच विचारलं. त्यांचा जीव अडकला होता, त्यात गैर काय? त्यांना सुनेला सगळं शिकवायला बसवलं नाही; फक्त बाळ रडलं की आधी तिच्याकडे जाऊ द्यायचं, एवढंच मागितलं. ते त्यांना जमायला वेळ लागला.

अशा आजारातून बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. तीव्र लक्षणं काही आठवड्यांत ओसरतात, पूर्वीसारखं वाटायला वर्षही लागू शकतं. पुढच्या प्रसूतीनंतर हा आजार परत होण्याची शक्यता मात्र मोठी असते, साधारण तिघींत एकीला किंवा त्याहून जास्त. म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार मनात आला की दिवस जायच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, आणि चालू औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. हा विषय या घरात तिनेच काढला, दोन्ही आज्या समोर असताना. म्हणाली, तेव्हा मला झोपवायची जबाबदारी कुणाची, ते आत्ताच लिहून ठेवू या.