एका शहरापुरतं छोटं रेकॉर्ड लेबल मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय टिकतं का?

टिकतं. आपल्याच शहरातल्या बँडची गाणी काढायची आहेत, पण हाताशी ना भांडवल ना वकील, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला लगेच डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स आठवलं. वॉशिंग्टन डी.सी.मधलं हे लेबल १९८० साली निघालं आणि आजही चालू आहे. कॉलेजपासून मी त्यांच्या रेकॉर्ड ऐकतोय, आणि गाण्यांइतकाच त्यांच्या व्यवहाराचाही मला आदर वाटतो.

सुरुवात झाली ती एक बँड मोडला म्हणून. टीन आयडल्स हा चार पोरांचा पंक बँड. कार्यक्रमांचे पैसे वाटून न घेता ते सिगारच्या एका डब्यात टाकायचे. बँड फुटला तेव्हा त्यात सहाशे डॉलरच्या आसपास जमले होते. त्या पैशांतून त्यांनी आठ गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली, हजार प्रती. बँडच उरला नव्हता, तेव्हा रेकॉर्ड दाखवून पुढचे कार्यक्रम मिळवायचा प्रश्नच नव्हता. आपण हे वाजवलं याची नोंद राहावी, एवढीच बँडमधल्या इयन मकाय, जेफ नेल्सन आणि मंडळींची इच्छा. डिस्कॉर्डची ही पहिली रेकॉर्ड.

रेकॉर्डिंग झालं डॉन झिएंटारा यांच्या राहत्या घरातल्या स्टुडिओत. कव्हरची गोष्ट मला फार आवडते. एका इंग्लिश रेकॉर्डचं कव्हर त्यांनी चिकटवलेल्या कडा सोडवून सपाट केलं, त्याची बाह्यरेषा कागदावर उतरवली आणि त्या मापाने छापून घेतलं. मग मित्रमैत्रिणींना घेऊन बसायचं, कात्रीने कापायचं, घड्या घालायच्या, चिकटवायचं. पहिल्या काही रेकॉर्डची हजारो कव्हरं अशी हातानेच झाली. पहिल्या कव्हरवर फुल्या काढलेल्या दोन मुठी आहेत: अल्पवयीन पोरांना दारू देऊ नये म्हणून क्लबवाले त्यांच्या हातावर फुली मारत, ती ही फुली.

विक्रीचे पैसे पुढच्या रेकॉर्डमध्ये घालायचे, बँड फक्त डी.सी. परिसरातले घ्यायचे, लेखी करार करायचा नाही आणि खर्च वजा जाता जे उरेल ते बँडबरोबर वाटून घ्यायचं, अशी पद्धत पडली.

आता तुमच्या कामाचा भाग. १९८३ च्या सुमारास मायनर थ्रेट या मकाय आणि नेल्सन यांच्या पुढच्या बँडच्या रेकॉर्ड जोरात खपायला लागल्या आणि नेमकी तेव्हाच पैशांची ओढाताण सुरू झाली. प्रती काढणाऱ्या कारखान्याला पैसे आधी मोजायचे, वितरकांकडून मात्र वसुली व्हायची महिनोन्महिन्यांनी. मागणी आहे, पण नव्या प्रती काढायला गल्ल्यात काही नाही! लंडनच्या सदर्न रेकॉर्ड्सचे जॉन लोडर यांनी प्रती काढण्याचं आणि वितरणाचं काम अंगावर घेतलं तेव्हा गाडं पुढे सरकलं. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या रेकॉर्डचे पैसे कुठून आणायचे यापेक्षा दुसऱ्यांदा प्रती काढायच्या वेळी उधारी अडकलेली असेल तर काय करायचं, याचा विचार आधी करा.

पुढे फुगाझी आला, मकाय यांचाच बँड. तिकीट शक्यतो पाच डॉलर, सगळ्या वयाच्यांना प्रवेश, आणि टपालखर्चासह किंमत रेकॉर्डवरच छापलेली, म्हणजे दुकानदाराला अव्वाच्या सव्वा भाव लावता येऊ नये. १९९१ नंतर निर्वाणा या रॉक बँडच्या यशाने मोठ्या कंपन्या असे बँड शोधत फिरू लागल्या, पण फुगाझी गेला नाही. जॉबॉक्स आणि शडर टू थिंक हे डिस्कॉर्डचे दोन बँड मात्र गेले. करारच नव्हता, त्यामुळे त्यांना अडवणारं काही नव्हतं.

करार न करणं सगळ्यांनाच झेपेल असं मी म्हणणार नाही. ही मंडळी एकाच शहरातली, रोज एकमेकांच्या तोंडासमोर असणारी होती. पण तुमचे बँडही एकाच गावातले आहेत, तर प्रत्येक रेकॉर्डच्या खर्चाची आणि विक्रीची वही बँडला कधीही बघता येईल अशी ठेवा. कागदावर सह्या घ्यायच्या की नाहीत, ते त्यांच्याबरोबर बसूनच ठरवा.